पाऊस तोच, पीक वेगळे : मराठवाड्यातील शेतीचे विस्कटलेले वेळापत्रक

लातूर शहरासाठी मिरजेहून पाण्याची पहिली रेल्वेगाडी एप्रिल २०१६ मध्ये निघाली. सुरुवातीला १० वाघिणींतून ५ लाख लिटर आणि पुढे ५० वाघिणींतून सुमारे २५ लाख लिटर पाणी साडेतीनशे किलोमीटरच्या आसपास अंतर कापून लातूरला पोहोचत होते. शहराला पाणीपुरवठा करणारे मांजरा धरण तेव्हा कोरडे पडले होते. त्याच वर्षी सप्टेंबरच्या अखेरीस आणि ऑक्टोबरच्या आरंभी मांजरा खोऱ्यात धुवाधार पाऊस झाला. धरण भरले, नदीकाठची शेते पाण्याखाली गेली आणि महसूल यंत्रणेला टंचाईच्या नोंदी बाजूला ठेवून पूरहानीचे पंचनामे हाती घ्यावे लागले.

अवघ्या सहा महिन्यांत टंचाई आणि अतिवृष्टी अशी दोन्ही टोके पाहण्याची पाळी मराठवाड्यावर तेव्हा प्रथमच आली नव्हती आणि नंतरही ती चुकली नाही. या प्रदेशाची देशभरातील प्रतिमा मात्र कायम कोरड्या मुलखाची आहे. पावसाच्या नोंदी तिला पूर्ण दुजोरा देत नाहीत. गेल्या तीन-चार दशकांत इथल्या पीकपद्धतीत आणि पाण्याच्या वापरात जे बदल झाले ते लक्षात घेतल्यावाचून, एकच पाऊस एका शेताला तारतो आणि शेजारच्या शेताला बुडवतो तो का, हे उलगडत नाही.

सह्याद्रीच्या आडोशाला

छत्रपती संभाजीनगर, जालना, परभणी, हिंगोली, नांदेड, बीड, लातूर आणि धाराशिव या आठ जिल्ह्यांचा मिळून मराठवाडा होतो. क्षेत्रफळ सुमारे ६४ हजार चौरस किलोमीटर. सप्टेंबर १९४८ पर्यंत हा भाग निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. त्यातील बहुतांश भूभाग गोदावरीच्या आणि तिला मिळणाऱ्या पूर्णा, दुधना, मांजरा, तेरणा या नद्यांच्या खोऱ्यात येतो. बीडचा आष्टी परिसर आणि धाराशिवचा पश्चिम भाग सीना नदीमार्फत भीमेच्या, म्हणजेच कृष्णेच्या खोऱ्याशी जोडलेला आहे.

अरबी समुद्रावरून येणारे मोसमी वारे आपले बहुतेक बाष्प सह्याद्रीवर रिते करतात. महाबळेश्वरला वर्षाकाठी साडेपाच हजार मिलिमीटरच्या घरात पाऊस पडतो. घाट ओलांडून पूर्वेला आले की तो झपाट्याने घटतो. मराठवाड्याची पावसाळ्याची सरासरी महसूल प्रशासन ६७९.५ मिलिमीटर धरते. पश्चिमेकडील तालुक्यांत ती सहाशेच्या आसपास किंवा त्याहून कमी आहे, तर नांदेड जिल्ह्यातील किनवट-माहूरच्या जंगलपट्ट्यात हजाराच्या जवळ जाते. बंगालच्या उपसागरात तयार होऊन पश्चिमेकडे सरकणारे कमी दाबाचे पट्टे पूर्वेकडील जिल्ह्यांना हात देतात. पश्चिमेकडे पोहोचेपर्यंत त्यांचा जोर पुष्कळदा ओसरलेला असतो.

जगातील अनेक कोरडवाहू प्रदेशांच्या तुलनेत ६८० मिलिमीटर हा आकडा अगदीच तुटपुंजा म्हणता येणार नाही. अडचण सरासरीत कमी आणि तिच्या वाटपात अधिक आहे. हवामान विभाग किमान २.५ मिलिमीटर पाऊस झालेल्या दिवसालाच पावसाचा दिवस मानतो. असे दिवस इथे चार महिन्यांत साधारण ४० ते ४५ मिळतात. त्यांतील दहा-पंधरा दिवस एकाच आठवड्यापंधरवड्यात दाटले आणि मधले तीन आठवडे कोरडे गेले, तर सरासरी गाठूनही पीक हातचे जाते. त्याखेरीज लागोपाठच्या तुटीची वर्षे आहेतच. २०१४ आणि २०१५ या दोन्ही पावसाळ्यांत मराठवाड्यात सरासरीपेक्षा सुमारे ४० टक्के कमी पाऊस झाला. लातूरच्या रेल्वेगाडीची पूर्वपीठिका ही होती.

तापणाऱ्या हवामानाचा या प्रदेशावरील परिणाम पावसाच्या एकूण प्रमाणापेक्षा त्याच्या लयीत अधिक दिसतो. गुजरात-महाराष्ट्रापासून ओडिशापर्यंतच्या मध्य भारतीय पट्ट्यात १९५० ते २०१५ या काळात विस्तृत क्षेत्रावर होणाऱ्या अतिवृष्टीच्या घटना तिपटीने वाढल्याचे पुण्यातील भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेच्या शास्त्रज्ञांनी २०१७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात दाखवून दिले. अरबी समुद्रावरून येणाऱ्या बाष्पाचे वाढते चढउतार हे त्यामागचे कारण म्हणून मांडण्यात आले. दुसरीकडे खंडही लांबत आहेत. एल निनोच्या प्रभावाखालील ऑगस्ट २०२३ हा देशासाठी १९०१ नंतरचा सर्वांत कोरडा ऑगस्ट ठरला आणि मराठवाड्यातील सोयाबीन नेमके फुलोऱ्यात व शेंगा भरण्याच्या अवस्थेत असताना पावसाने पाठ फिरवली.

हस्ताच्या पावसाचे दोन अर्थ

शेतकऱ्यांचे पंचांग नक्षत्रांवर चालते. जूनच्या पहिल्या आठवड्याअखेर मृग लागतो आणि पेरणीची लगबग सुरू होते. सप्टेंबरच्या मध्यापासून उत्तरा आणि महिनाअखेरीपासून हस्त. हा परतीच्या पावसाचा काळ. मराठवाड्याच्या जुन्या शेतीत या शेवटच्या पावसाला पहिल्या पावसाइतकेच, किंबहुना अधिक महत्त्व होते. कारण त्याच्यावर रब्बी उभी राहत असे.

भारी काळ्या जमिनीत खरिपाचे पीक घ्यायचेच नाही, पावसाळाभर रान मोकळे ठेवायचे, वखराच्या पाळ्या देऊन तण मारायचे आणि पडेल तेवढे पाणी जमिनीत मुरवायचे, अशी ती रीत होती. एक मीटर खोलीच्या काळ्या मातीत पिकाला घेता येईल असा सुमारे २०० मिलिमीटर ओलावा मावतो. सप्टेंबरच्या उत्तरार्धापासून ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत या ओलीवर तिफणीने ज्वारी पेरली की पुढे एकही पाऊस न होता, एकही पाणी न देता, थंडीतल्या दवावर आणि जमिनीच्या पोटातील ओलीवर ती फेब्रुवारीपर्यंत तयार होई. मालदांडी हे त्यातले सर्वांत रुळलेले वाण. माणसांना धान्य आणि जनावरांना कडबा अशी तिची दुहेरी मिळकत होती. जमीन हीच या पद्धतीत साठवण तलावाचे काम करीत असे, आणि त्या तलावावर ना बाष्पीभवनाचा मोठा बोजा पडे, ना कोणा वरच्या धरणाचा हक्क चाले. हलक्या जमिनीत बाजरी, मूग, उडीद आणि तूर असत.

गेल्या तीन दशकांत भारी जमिनीवरही खरिपात सोयाबीन आले. हे पीक ९५ ते ११० दिवसांत निघते, दिवाळीच्या तोंडावर हातात रोख पैसा देते, त्याची काढणी-मळणी यंत्राने होते आणि लातूरसारख्या बाजारपेठेत तेलप्रक्रिया उद्योगाचे गिऱ्हाईक तयार असते. ज्वारीची काढणी अंग मोडणारी, मजूर मिळेनासे झालेली, शिवाय पाखरांचा उपद्रव. शेतकऱ्याने केलेला हिशेब चुकीचा होता असे म्हणण्याचे धाडस शहरात बसून कोणी करू नये.

पण पिकाबरोबर पावसाचा अर्थ बदलला. जूनअखेर पेरलेले सोयाबीन सप्टेंबरच्या शेवटच्या आठवड्यापासून ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत काढणीला येते, म्हणजे बरोबर हस्ताच्या पावसात. ज्या सरी ज्वारीच्या पेरणीला वरदान होत्या, त्याच आता कापून पडलेल्या सोयाबीनवर कोसळतात. शेंगांतल्या दाण्यांना कोंब फुटतात, गंज्या खालून सडतात, वाचलेला माल डागी निघतो. ऑक्टोबर २०२० मध्ये हे घडले. सप्टेंबर २०२१ च्या अखेरीस गुलाब चक्रीवादळाचे अवशेष मराठवाड्यावरून गेले तेव्हा मांजरा धरणाचे दरवाजे उघडावे लागले आणि नदीच्या दोन्ही काठांवरची पिके वाहून गेली. २०२२ च्या ऑक्टोबरमध्येही काढणीच्या वेळीच पावसाने गाठले.

नुकसान शेतातच संपत नाही. हमीभावाने सोयाबीन खरेदी करताना दाण्यातील ओलाव्याची मर्यादा १२ टक्के असते. परतीच्या पावसात भिजलेला माल या कसोटीला उतरत नाही आणि शेतकऱ्याला तो व्यापारी सांगेल त्या दराने विकावा लागतो. २०२४-२५ च्या हंगामात हमीभाव क्विंटलला ४,८९२ रुपये असताना बाजारातील दर त्याहून बरेच खाली होते. अखेर नोव्हेंबर २०२४ मध्ये केंद्राने ओलाव्याची मर्यादा त्या हंगामापुरती १५ टक्क्यांपर्यंत शिथिल केली. हवेतील दमटपणा आणि बाजारातील दर यांचे नाते एवढे थेट क्वचितच पाहायला मिळते.

आणखी एक परिणाम फारसा चर्चेत येत नाही. सोयाबीनचे भुसकट कडब्याची जागा घेऊ शकत नाही. ज्वारीचे क्षेत्र आटले तशी घरची वैरणही आटली आणि दुष्काळी वर्षात जनावरे जगविण्याचा प्रश्न सरकारी चारा छावण्यांच्या दारात गेला. १९७२ च्या दुष्काळाविषयी जुनी माणसे सांगतात की तेव्हा धान्य नव्हते, पण विहिरींना पाणी होते. अलीकडच्या दुष्काळांत दुकानात धान्य असते आणि पाणी नसते. त्यात वैरणीचीही भर घालायला हवी.

परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाने या बदललेल्या लयीशी जुळवून घेण्याचे काही मार्ग दिले आहेत. एमएयूएस-७१, एमएयूएस-१६२, एमएयूएस-६१२ यांसारखी सोयाबीनची वाणे आणि बदनापूरच्या संशोधन केंद्रातून आलेले लवकर तयार होणारे बीडीएन-७११ हे तुरीचे वाण त्यांतले. रुंद वरंबा-सरी पद्धतीने, म्हणजे बीबीएफ यंत्राने पेरणी केल्यास जोराच्या पावसात सरीतून जादा पाणी निघून जाते आणि खंड पडला तर तीच सरी ओल धरून ठेवते. दोन्ही टोकांच्या हवामानात उपयोगी पडणारे इतके साधे तंत्र दुसरे नाही. सोयाबीनमध्ये तुरीच्या ओळी घेण्याची प्रथाही अशीच विम्यासारखी आहे. एक पीक गेले तर दुसरे उभे असते, कारण तूर खोल मुळांवर जगते आणि डिसेंबर-जानेवारीपर्यंत रानात राहते.

उसाचा हिशेब

मराठवाड्यातील पाण्याची चर्चा उसावर येऊन थांबते, आणि तिथे ती बहुधा भांडणात रूपांतरित होते. आधी आकडे पाहू. उसाला वर्षभरात ढोबळमानाने २,००० मिलिमीटर किंवा त्याहून अधिक पाणी लागते. एका हेक्टरवर २,००० मिलिमीटर म्हणजे २ कोटी लिटर. लातूरला येणाऱ्या पाण्याच्या गाडीच्या मापाने मोजले तर एक हेक्टर ऊस अशा आठ गाड्या पाणी पितो. सरासरी पावसाचा वाटा वजा केला तरी पाच गाड्यांहून अधिक पाणी विहीर, कूपनलिका किंवा कालव्यातून द्यावे लागते. सोयाबीनची एकूण गरज याच्या पाव हिश्श्याच्या आसपास आहे. राज्याच्या एकूण पीकक्षेत्राच्या ४ टक्क्यांहून कमी जागेवरचा ऊस सिंचनाचे जवळपास ७० टक्के पाणी घेतो, असे निरीक्षण केंद्राच्या कृषी खर्च व मूल्य आयोगानेच साखर हंगामाच्या मूल्य धोरण अहवालात नोंदविले होते.

मग पाण्याचा एवढा तुटवडा असलेल्या मुलखात शेतकरी ऊस का लावतो? कारण त्याच्या दृष्टीने ऊस हेच हवामानाचा विमा उतरवलेले पीक आहे. तीन आठवड्यांच्या खंडाने सोयाबीन जाते, ऊस पिवळा पडतो पण पुन्हा उभारी धरतो. दोन दिवस शेतात पाणी साचले तर कापूस मान टाकतो, ऊस टिकतो. गारपिटीने फळबाग झोडपली जाते, उसाची पाने फाटतात एवढेच. फेब्रुवारी-मार्च २०१४ च्या गारपिटीने हा फरक गावोगाव दाखवून दिला होता. वर किमान दराला कायद्याचा आधार आहे. २००९ पासून लागू असलेल्या रास्त व किफायतशीर दरानुसार कारखान्याने १४ दिवसांत पैसे देणे अपेक्षित आहे. २०२४-२५ साठी हा दर १०.२५ टक्के उताऱ्याला टनामागे ३,४०० रुपये होता. तोडणी आणि वाहतुकीची जबाबदारी कारखाना घेतो. डाळी आणि तेलबियांना हमीभाव जाहीर होतो, पण खरेदीची अशी साखळी त्यांच्यामागे उभी नाही. उसाला नावे ठेवणाऱ्यांनी हा फरक आधी भरून काढायला हवा.

अर्थात हा विमाही पुरता भरवशाचा नाही. भरपूर पावसाच्या वर्षानंतर लागवड वाढते आणि तो ऊस कारखान्यात जाईपर्यंत हवामान फिरलेले असते. २०१६ च्या पावसाने धरणे भरली, लागवडी वाढल्या आणि २०१८ मध्ये पावसाने दगा दिला. राज्य सरकारला त्या ऑक्टोबरअखेर १५१ तालुक्यांत दुष्काळ जाहीर करावा लागला, तेव्हा ऊस रानात उभाच होता. त्या हंगामात राज्यात १०७ लाख टनांच्या आसपास साखर झाली. पुढच्या हंगामात ती सुमारे ६२ लाख टनांवर आली, आणि मधल्या उन्हाळ्यात कितीतरी ऊस छावण्यांतील जनावरांपुढे गेला. उलट २०२१-२२ मध्ये राज्याचे उत्पादन १३७ लाख टनांवर पोहोचले तेव्हा गाळपाची क्षमता अपुरी पडली आणि मराठवाड्यातील ऊस मे-जूनपर्यंत तोडणीविना वाळत राहिला.

धोरणकर्त्यांना हे ठाऊक नाही असे नाही. माधवराव चितळे यांच्या अध्यक्षतेखालील महाराष्ट्र जल व सिंचन आयोगाने १९९९ मध्ये दिलेल्या अहवालात तुटीच्या खोऱ्यांमध्ये उसासारख्या पिकाला आळा घालण्याची गरज मांडली होती. २०१७ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने उसाला टप्प्याटप्प्याने ठिबक सिंचन बंधनकारक करण्याचा निर्णय घेतला. २०१९ मध्ये मराठवाड्याच्या विभागीय आयुक्तालयाने तर ऊस लागवड बंद करून त्याजागी डाळी व तेलबिया घेण्याची शिफारस शासनाला केली. पाट धरून ऊस भिजविण्याची पद्धत या कशानेही संपली नाही. ठिबकने पाण्यात मोठी बचत होते हे सर्वमान्य आहे. पण वाचलेले पाणी नदीत किंवा शेजाऱ्याच्या विहिरीत जात नाही, बहुतेक वेळा त्याच शेतकऱ्याच्या पुढच्या एकरात जाते. ज्याला पाण्याची किंमत क्षेत्रावर आकारली जाते, घनमीटरवर नाही, त्याने दुसरे काय करावे?

या सगळ्यात बीड जिल्ह्याचे चित्र वेगळेच अस्वस्थ करते. ज्यांच्या रानाला उसापुरते पाणी नाही अशी लाखो माणसे दिवाळीच्या आगेमागे उचल घेऊन ऊस तोडायला पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात जातात. नवरा-बायकोच्या जोडीला मिळून एक कोयता म्हणतात, आणि मुकादमाशी होणारा करार कोयत्यावर होतो. परतीचा पाऊस चांगला झाला आणि रब्बी पेरता आली तर एखाद्या घरातला एक कोयता त्या वर्षी कमी निघतो. पावसाचे अर्थशास्त्र समजून घ्यायला ही मोजणी पुरेशी बोलकी आहे.

नाथसागर आणि १५ ऑक्टोबर

पैठणच्या जायकवाडी प्रकल्पाचा पाया लालबहादूर शास्त्री यांच्या हस्ते ऑक्टोबर १९६५ मध्ये घातला गेला आणि इंदिरा गांधी यांच्या हस्ते फेब्रुवारी १९७६ मध्ये त्याचे उद्घाटन झाले. नाथसागर या जलाशयाची एकूण क्षमता २,९०९ दशलक्ष घनमीटर, म्हणजे १०२ टीएमसीहून अधिक आहे. त्यातील सुमारे ७६ टीएमसी हा उपयुक्त साठा, उरलेला मृत साठा. डावा कालवा २०८ किलोमीटरचा, उजवा १३२ किलोमीटरचा. दोन्ही मिळून सुमारे १ लाख ८३ हजार हेक्टर जमीन भिजावी अशी आखणी होती आणि मूळ नियोजन मुख्यतः हंगामी पिके धरून झाले होते.

धरण सपाट प्रदेशात आहे. जवळपास साडेतीनशे चौरस किलोमीटर पसरलेल्या या पाण्याची भरलेल्या अवस्थेतील सरासरी खोली जेमतेम आठ-साडेआठ मीटर निघते. एवढ्या उथळ आणि विस्तीर्ण पृष्ठभागावरून मराठवाड्याच्या उन्हाळ्यात किती पाणी उडून जात असेल, याची कल्पना करायला तज्ज्ञ लागत नाही. कालव्याच्या टोकाच्या गावापर्यंत पाणी पोहोचण्याआधी हा पहिला वाटेकरी आपला हिस्सा घेऊन गेलेला असतो.

दुसरे वाटेकरी वर आहेत. गंगापूर, दारणा, पालखेड, मुळा, भंडारदरा-निळवंडे हे नाशिक आणि अहिल्यानगर जिल्ह्यांतील धरणसमूह आधी भरतात, मग पैठणला पाणी येते. भरपूर पावसाच्या वर्षी याची चर्चा होत नाही. तुटीच्या वर्षी ती रस्त्यावर येते. महाराष्ट्र जलसंपत्ती नियमन प्राधिकरणाच्या २००५ च्या कायद्याने खोऱ्यातील तूट सर्वांनी समन्यायी पद्धतीने सोसावी हे तत्त्व मान्य केले. ते प्रत्यक्षात कसे आणायचे हे मेंढेगिरी समितीने २०१३ मध्ये सुचविले आणि प्राधिकरणाने सप्टेंबर २०१४ च्या आदेशात त्याचा आधार घेतला. १५ ऑक्टोबरला जायकवाडीचा उपयुक्त साठा ६५ टक्क्यांहून कमी असेल तर वरच्या धरणांतून पाणी सोडायचे, असे त्याचे सूत्र. २०१५, २०१८ आणि २०२३ मध्ये तशी वेळ आली. २०२३ मध्ये सुमारे ८.६ टीएमसी पाणी सोडण्याचा आदेश निघाला. कोरड्या नदीपात्रातून येताना त्यातले बरेच वाळूत मुरते.

नाशिक-अहिल्यानगरच्या शेतकऱ्यांचा विरोध केवळ हट्ट नाही. तिथेही द्राक्षबागा आणि ऊस याच पाण्यावर उभे आहेत आणि दुष्काळ त्यांच्याही शिवारात असतो. त्यांचा सवाल असा असतो, की आमचे पाणी प्यायला नेणार की उसाला? या सवालाला मराठवाड्याकडे समाधानकारक उत्तर नाही, आणि मराठवाड्याच्या प्रतिसवालाला, म्हणजे वरच्या भागातील बारमाही बागायत कोणत्या नियोजनात बसते, याला त्यांच्याकडेही नाही.

खडकातले पाणी

कालव्याचे पाणी मोजक्या पट्ट्याला मिळते. बाकीची शेती पावसावर आणि भूजलावर. इथला खडक दख्खनच्या पठाराचा, काळा बेसाल्ट. पाणी राहते ते वरच्या झिजलेल्या थरात आणि भेगांत, तेही अल्प. पंजाबच्या गाळाच्या जमिनीसारखे शेकडो फूट जाडीचे जलधर इथे नाहीत. विहीर चांगल्या पावसाने एका हंगामात भरते आणि उपसा वाढला की त्याच वर्षी तळ गाठते. शेकडो फुटांवर गेलेल्या कूपनलिका पुष्कळदा जुन्या, सहजी न भरून येणाऱ्या साठ्याला हात घालतात. महाराष्ट्राच्या भूजल कायद्यात ६० मीटरहून खोल विहिरींवर निर्बंध घालण्याची तरतूद आहे. बोअरवेलची गाडी रात्रीतून गावात येऊन जाते तिथे ही तरतूद फारशी पोहोचलेली नाही.

भूजलाच्या भरवशावर लावलेल्या बहुवर्षीय पिकांची जोखीम सर्वांत मोठी. जालना जिल्ह्याची मोसंबी त्याचे उदाहरण. बहार धरण्यासाठी झाडाला पाण्याचा ताण देण्याचे कसब या बागायतदारांचे खास. पण २०१२-१३ च्या दुष्काळात ताण शेतकऱ्याच्या हाती राहिला नाही आणि वर्षानुवर्षे जपलेल्या बागा सरपणासाठी तोडाव्या लागल्या. हंगामी पीक गेले तर एक वर्ष जाते, बाग गेली तर दशक जाते.

पाणी अडविण्याचे प्रयोग झाले आणि होत आहेत. डिसेंबर २०१४ मध्ये सुरू झालेल्या जलयुक्त शिवार अभियानावर सुमारे ९,६३४ कोटी रुपये खर्चूनही भूजल पातळी वाढविण्यात त्याचा फारसा परिणाम दिसला नाही, असा ठपका महालेखापरीक्षकांनी २०२० मध्ये ठेवला. दुसऱ्या बाजूला जालना जिल्ह्यातील कडवंची गावाने इंडो-जर्मन पाणलोट कार्यक्रमात माथ्यापासून पायथ्यापर्यंत केलेल्या कामावर द्राक्षबागा उभ्या केल्या आणि दुष्काळातही त्या तगविल्या. दोन्हींतला फरक यंत्रापेक्षा क्रमाचा आहे. आधी माथा, मग उतार, शेवटी नाला. घाईत नाला खोल करून सुरुवात केली की वरून वाहून आलेल्या गाळाने तो भरतो. शेततळ्यांची गत याहून चमत्कारिक झाली. पावसाचे वाहून जाणारे पाणी धरावे ही मूळ कल्पना. अनेक ठिकाणी प्लास्टिक अंथरलेली तळी विहिरी-कूपनलिकांतून भरली जातात, म्हणजे खडकात सुरक्षित असलेले पाणी उन्हात आणून ठेवले जाते.

मंडळातील पर्जन्यमापक

नुकसान झाल्यावर मदत मिळते ती मोजमापावर. महसूल मंडळात २४ तासांत ६५ मिलिमीटरहून अधिक पाऊस झाला तर अतिवृष्टी; पिकाचे ३३ टक्क्यांहून अधिक नुकसान झाले तर मदतीस पात्रता. मंडळात अनेक गावे आणि स्वयंचलित हवामान केंद्र सहसा एकच. पावसाळी ढग मंडळाची हद्द पाळत नाही, त्यामुळे केंद्राच्या गावात ४० मिलिमीटर आणि पाच किलोमीटरवर शेत खरडून गेलेले, हा प्रकार दर वर्षी घडतो. पीकविम्यात पावसाच्या २१ दिवसांहून अधिक खंडासाठी २५ टक्के अग्रिम देण्याची तरतूद होती आणि २०२३ च्या ऑगस्टनंतर तिचा आधार अनेक शेतकऱ्यांनी मागितला. एक रुपयात विमा देणारी राज्याची योजना २०२५ च्या खरिपापासून बंद झाली. शेतकऱ्याचा हिस्सा पुन्हा लागू झाला आणि भरपाई केवळ पीककापणी प्रयोगातून निघणाऱ्या उत्पादनाशी जोडली गेली. हंगामाच्या मध्यातील खंड किंवा काढणीनंतरच्या पावसाने झालेली हानी त्यात स्वतंत्रपणे गणली जात नाही. मराठवाड्यातील सोयाबीनला नेमके हेच दोन धोके सर्वाधिक आहेत.

सप्टेंबर २०२५ ने त्याची प्रचिती दिली. सीना, मांजरा, गोदावरी आणि त्यांच्या उपनद्यांना आलेल्या पुराने धाराशिव, बीड, लातूर, नांदेडसह बहुतेक जिल्ह्यांत उभी पिके गेली आणि काठावरच्या शेतांतील मातीच वाहून गेली. राज्य सरकारने ऑक्टोबरमध्ये ३१ हजार ६२८ कोटी रुपयांची मदत जाहीर केली. त्यात खरडून गेलेल्या जमिनीसाठी हेक्टरी ४७ हजार रुपये रोख आणि रोजगार हमीतून ३ लाख रुपयांपर्यंतच्या कामाची तरतूद होती. विकत आणून अंथरता येईल अशी ती माती नाही. तिचा फूटभर थर तयार व्हायला लागणारा काळ कोणत्याही योजनेच्या मुदतीत बसत नाही.

त्याच पावसाने धरणे काठोकाठ भरली. अशा वर्षी १५ ऑक्टोबरच्या साठ्यावरून कालवा सल्लागार समिती रब्बी व उन्हाळी आवर्तनांची संख्या ठरवते आणि लाभक्षेत्रातील शेतकरी पाटबंधारे शाखेत नमुना क्रमांक ७ चा पाणीअर्ज भरून देतो. अर्जात पिकाचा रकाना असतो. ज्वारी, हरभरा, गहू की ऊस, हे तिथे लिहावे लागते, आणि पुढील दोन वर्षांच्या पाण्याची वाटणी बऱ्याच अंशी त्या रकान्यात होते.